पुढच्या ओळीतलं सरपण

एका जंगलात इतकी थंडी पडायची, की तिथले साप एकदा वेटोळं घालून बसले की ते थेट होळीलाच सोडायचे.

बाळांनो, जवळ या. सरकून बसा. नाही, शेगडीच्या अगदी पुढे मीच बसणार. गोष्ट सांगणाऱ्याला थंडी जास्त वाजते, हे तुम्हाला मोठे झालात की कळेल.

तर त्या जंगलात झिपरोबा नावाचं एक अस्वल राहत होतं. गुहेत त्याच्याबरोबर त्याची बायको रेशमाबाई होती आणि म्हातारी आत्या होती. झिपरोबाचे आईबाप तो लहान असतानाच गेले. या आत्यानेच त्याला पोटाशी घेऊन त्याचे हिवाळे काढले होते. आता आत्या थकली होती. तिचे गुडघे धरायचे. थंडी सुरू झाली की तिचे पंजे बर्फासारखे गार पडायचे.

मागच्या हिवाळ्यात तर आत्या मरता मरता वाचली. जंगलातला वैद्य म्हणजे एक कासव. ते जाताना म्हणालं, "पुढच्या थंडीत हिला ऊब मिळाली नाही, तर मला बोलावू नका. मी पोचेपर्यंत काही उपयोग होणार नाही."

झिपरोबाने आत्याचा पंजा आपल्या पंजात घेतला. म्हणाला, "आत्या, या वर्षी तुला गार लागू देणार नाही. बघच तू."

झिपरोबा वाईट नव्हता हो. अगदी मनापासून बोलला तो. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

जंगलात लाकडाची वखार होती. मधाचं एक पोळं नेऊन दिलं की फोडलेली, वाळलेली लाकडं घरपोच यायची. रेशमाबाईंनी तसं सुचवूनही पाहिलं.

"जंगलात राहून लाकूड विकत घ्यायचं?" झिपरोबा म्हणाला. "लोक शेण घालतील तोंडात."

मग तो पडलेलं लाकूड उचलू लागला. वादळात मोडलेल्या फांद्या आणल्या. नदीने काठावर टाकलेले ओंडके आणले. माकडांचा तुटका झोपाळा आणला. सशाने नवीन दार बसवलं, तेव्हा जुनं दार आणलं. हळूहळू त्याची नजरच बदलली. झाड दिसलं की तो सावली बघत नसे, फळं बघत नसे. ते कधी पडेल, एवढंच बघत असे. तरसाच्या घरी लग्नाला गेला आणि येताना मांडवाचा खांब घेऊन आला. लग्न अजून लागायचं होतं.

हसू नका, बाळांनो. आणि तो कोपऱ्यातला काय पुटपुटतोय ते मला ऐकू येतंय. हो, मी परवा फिरायला गेलो होतो आणि येताना कुणाच्या तरी खुर्चीचा पाय घेऊन आलो. तो विषय वेगळा आहे. तो पाय सागवानी होता.

तर लाकूड आलं. आता ते तोडायला हवं. झिपरोबाकडे एक कुऱ्हाड होती. मग त्याला कळलं की गाठीच्या लाकडाला जड कुऱ्हाड लागते. तीही आली. मग पाचर आली, करवत आली, करवतीला धार लावायला कानस आली, आणि या सगळ्यांना ठेवायला एक पेटी आली. पेटीत आत्याची घोंगडी अंथरली होती, हत्यारांना गंज चढू नये म्हणून.

दिवसभर तो अंगणात लाकडं फोडायचा. घामाने निथळायचा. आत आत्या कुडकुडायची आणि बाहेरून झिपरोबा ओरडायचा, "कुठाय थंडी? मला तर पंखा हवासा वाटतोय!"

सगळे तुकडे एका मापाचे. मग त्यांची रास. ही रास रचणं म्हणजे साधं काम नाही, बाळांनो. साल वर हवी, म्हणजे दव आत जात नाही. मधून वारा खेळायला हवा. आणि पुढच्या ओळीत सगळ्यात देखणे तुकडे हवेत, सगळ्यांची तोंडं एका रेषेत. झिपरोबा दहा पावलं मागे जायचा, मान तिरकी करायचा, परत येऊन एक तुकडा केसभर आत ढकलायचा, आणि पुन्हा मागे जायचा.

राशीची मागची बाजू शेजारच्या साळोबा साळिंदराच्या कुंपणाकडे होती. ती रस्त्यावरून दिसत नसे. जी बाजू कुणाला दिसत नाही ती झिपरोबाही बघत नसे.

लौकरच त्याचं नाव झालं. जंगलात आणखीही काही अस्वलं सरपण गोळा करत होती. रोज सकाळी पोपटांचा थवा यायचा आणि कुणाची रास कशी दिसते ते एकाकडून दुसऱ्याकडे पोचवायचा. परत येताना 'वा वा' आणि 'अप्रतिम' घेऊन यायचा. ते ऐकल्याशिवाय झिपरोबाला चहा जात नसे.

त्याने सुतारपक्ष्याच्या शिबिरातही नाव घातलं. शिबिराचं नाव होतं 'लाकूड समजून घेताना'. सुतारपक्षी मोठा जाणकार. एकदा तो घरीही येऊन गेला. राशीतल्या एकेका तुकड्यावर त्याने ठक ठक केलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "अजून मुरायचंय."

आत्याने आतूनच विचारलं, "काय हो, तुम्ही कधी शेगडी पेटवलीय का?"

"आमचं काम त्याच्या आधीचं आहे," सुतारपक्षी म्हणाला आणि उडून गेला.

शेवटी थंडी आली. खरी थंडी. सकाळी पाण्यावर पापुद्रा धरायला लागला.

"अहो, शेगडी पेटवू का?" रेशमाबाईंनी विचारलं.

"विचारतेस काय? त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप!"

रेशमाबाईंनी राशीतला एक तुकडा काढला.

"तो नको गं. तो कालचा आहे. ओला. नुसता धूर होईल आणि आत्याला खोकला लागेल."

रेशमाबाईंनी दुसरा काढला.

"अगं अगं! तो उन्हाळ्यातला. वाजवून बघ, कसा खणखणीत बोलतो. असं लाकूड कडाक्याच्या थंडीसाठी राखून ठेवायचं असतं."

"मग हे काय चाललंय बाहेर?"

"याहून वाढेल."

रेशमाबाईंनी तिसरा काढला. तो धावड्याचा होता, जड आणि गाठाळ.

"धावडा?" झिपरोबाचा आवाजच चिरकला. "धावडा रोजच्या शेगडीला? आणि कुणी पाहुणे आले तर काय लावायचं?"

आता बघा हं, बाळांनो, गंमत कशी झाली. नवीन लाकूड जाळायचं नाही, कारण ते ओलं. जुनं जाळायचं नाही, कारण ते चांगलं. त्यातही जे फारच चांगलं, ते पाहुण्यांसाठी. आपल्या घरी नाही का, चांगल्या कपबशा कपाटात असतात आणि आपण कान तुटलेल्या कपातून चहा पितो? कपाटातल्या कपांचेही कान एक दिवस तुटतातच, पुसता पुसता.

अखेर झिपरोबाने फोडताना उडालेल्या पांगाऱ्याच्या ढलप्या गोळा करून दिल्या. पांगारा म्हणजे अगदी हलकं लाकूड. शेगडी भुर्रकन पेटली. आत्याने पंजे पुढे केले, तोवर विझलीसुद्धा.

"झिपऱ्या," आत्या म्हणाली, "तुझी रास फार सुंदर आहे रे. पण तिच्याकडे बघून गुडघे कसे शेकायचे तेवढं सांग."

झिपरोबाला हे फार लागलं. एवढं राबूनही आत्याला थंडी वाजते! त्याने त्यातून एकच अर्थ काढला, की सरपण कमी पडतंय. कुऱ्हाड खांद्यावर टाकून तो पुन्हा जंगलात गेला. मग रोजच जाऊ लागला. भल्या सकाळी जायचा आणि दिवस कलताना यायचा. लाकडं पुढे रचायचा आणि थकून आडवा व्हायचा. त्या गार गुहेत आता त्यालाही हुडहुडी भरायची. पण ते तो कुणाला सांगत नसे.

आणि मग एक नवल घडलं. आत्या सुधारू लागली.

तिचे पंजे मऊ पडले. ती दोन भाकऱ्या खाऊ लागली. एकदा तर चक्क गुणगुणताना सापडली. झिपरोबाने त्यावर खूप विचार केला. मग त्याने पोपटांना बोलावून सांगितलं, "कळवा सगळ्यांना. सरपण जाळायची गरजच नसते. ते नुसतं घराजवळ नीट रचलेलं असलं, तरी घरातल्या वडीलधाऱ्यांची प्रकृती सुधारते. माझा स्वतःचा अनुभव आहे."

सुतारपक्ष्याने हे लगेच शिबिरात घेतलं. झिपरोबाचं भाषणही ठेवलं. भाषण चांगलं झालं म्हणतात. ऐकणारे सगळे थंडीने कुडकुडत होते, त्यामुळे टाळ्याही जोरात पडल्या.

एके दिवशी झिपरोबाला नदीकाठी जांभळाचा भलामोठा बुंधा आडवा पडलेला दिसला. तो एकट्याला हलेना. रेशमाबाईंना हाताशी घ्यावं म्हणून तो भर दुपारीच घरी परतला.

"अगं, जरा चल बघू!"

गुहेत कुणीच नव्हतं.

त्याने आत्याच्या अंथरुणाला हात लावला. अंथरूण गार होतं. शेगडी गार होती. राख तर अगदी त्याच पांगाऱ्याची होती, त्याच दिवसाची.

झिपरोबाला कासवाचं बोलणं आठवलं. "आत्या!" तो ओरडला. अंगणात धावला. "आत्या गं!" आणि कुठे बघू कुठे नको अशा घाईत, आयुष्यात पहिल्यांदाच तो राशीच्या मागे गेला.

मागे काही नव्हतं.

म्हणजे रासच नव्हती. पुढची देखणी ओळ तेवढी उभी होती. ती पडू नये म्हणून तिला मागून एक टेकू दिलेला होता. टेकू म्हणजे तरसाच्या मांडवाचा खांब. आणि तिथून साळोबाच्या कुंपणापर्यंत चांगली मळलेली पायवाट गेली होती. कुंपणापलीकडे साळोबाच्या बिळातून धूर निघत होता.

झिपरोबा वाकून आत शिरला.

आत शेगडी रसरसत होती. रेशमाबाई भाकऱ्या थापत होत्या. साळोबा काटे मिटून एका कडेला जेवत बसला होता. आणि शेगडीपाशी पाय पसरून आत्या पेंगत होती.

झिपरोबाने तिचा पंजा हातात घेतला. तो गरम होता. लहानपणी आपल्या डोक्यावर असायचा तसाच गरम. त्याला इतकं बरं वाटलं की रडूच आलं. मग त्याची नजर शेगडीत गेली आणि दुसऱ्यांदा रडू आलं.

"अगं, हा तर माझा धावडा!"

"हो," रेशमाबाई म्हणाल्या. "पाहुण्यांसाठीच ठेवला होता ना तुम्ही? इथे आम्ही पाहुणेच आहोत."

"मला सांगितलं का नाहीस?"

"कितीदा सांगितलं. तुम्ही दहा पावलं मागे गेला होतात, मान तिरकी करून."

साळोबा ओशाळून म्हणाला, "झिपरोबा, राग मानू नका. लाकडं तुमची, शेगडी माझी. मला आपलं काही कळत नाही, हाताला येईल ते मी जाळतो. ओलं असलं तर शेगडीच्या कडेला वाळत ठेवतो."

आत्याने डोळे उघडले. "आलास? बस रे बाळा. केवढा गारठलायस!" आणि तिने त्याला पोटाशी ओढलं, पहिल्यासारखं.

झिपरोबा बसला. त्या हिवाळ्यात सगळं जंगल त्याच्या सरपणाबद्दल बोलत होतं. त्याची ऊब त्याला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःच सांगितलं, "आजपासून शेगडी आपल्या घरी. मीच लाकूड काढून देतो."

तो राशीपाशी गेला. पुढच्या ओळीतला एक तुकडा त्याने उपसला, उलटसुलट केला, उन्हात धरला, ठक ठक वाजवला. मग दहा पावलं मागे जाऊन त्या जागी पडलेल्या भोकाकडे पाहिलं. फारच वाईट दिसत होतं ते. त्याने तुकडा हळूच परत बसवला आणि पंजाने एका रेषेत केला.

"उद्या काढू," तो म्हणाला.

मग तिघंही साळोबाकडे गेली. मागच्या बाजूने गेली, पुढच्या ओळीला धक्का लागू नये म्हणून.

संपली गोष्ट, बाळांनो. आता उठा. शेजारच्या पटवर्धनकाकूंनी आपल्याला त्यांच्या शेगडीपाशी इतका वेळ बसू दिलं, त्यांना थँक्यू म्हणा. मी? मी बसतो अजून थोडा. माझ्या अंगणातली रास कशी दिसते ते तुम्ही जाता जाता बघा. पुढून बघा.

आणि काकू, एक विचारू? तुमच्या शेगडीत ते काय जळतंय हो? नाही, सहज. वास जरा सागवानी येतोय.

तात्पर्य : चांगलं सरपण कधीही जाळू नये. ते पुढच्या ओळीत नीट रचून ठेवावं आणि राशीच्या मागे काय चाललंय ते बघायला जाऊ नये. त्याने घर ऊबदार राहतं, फक्त ते शेजाऱ्याचं असतं. गोष्टी सांगायलाही मग तिथेच जाऊन बसावं.