दहा हातांचा चौकोन

मुलांनो, कुणीतरी धडधडीत खोटं बोललंय. प्रयोगाने कुणाचं नुकसान होत नाही असं ज्याने पहिल्यांदा म्हटलं, त्याने जन्मात पेरणी केलेली नाही. मी नाव घेत नाही. तो इथेच कुठेतरी मान डोलावत बसला असेल.

तर, एका जंगलात, जिथे झाडांपेक्षा समित्या दाट होत्या, गोजराक्का नावाची साळिंदरीण बाजरी पिकवायची. तिच्या आजोबांचं शेत ऐसपैस होतं. मग काका आले, आत्या आल्या, चुलत साळिंदरं आली आणि दर वाटणीला मधे एक नवा बांध आला. गोजराक्काच्या वाट्याला दहा हात लांब, दहा हात रुंद तुकडा उरला.

त्या वर्षी राजवाड्यातून दवंडी आली. छोट्या शेतांत पीक का घटतं ते शोधणार. ज्याचं घटलं त्याला सरकारी कोठारातून दाणे. गोजराक्का नाचायचीच बाकी राहिली. तिची बाजरी निम्मीच भरली होती आणि बिळात पिल्लं होती.

करकोचेसाहेब आले. सोबत दोरी घेऊन खेकडा. गोजराक्काने भराभर कारणं सांगितली. ऐन फुलोऱ्यात पाऊस कोसळला, शेणखत मिळालं नाही, राजाच्या वडाची सावली अर्ध्या शेतावर पडते. साहेबांनी एका पायावर उभं राहून ऐकलं, म्हणजे फारच मन लावून. मग म्हणाले, कारणं प्रयोगातून निघतात, तोंडातून नव्हे.

प्रयोग सोपा होता. शेतात दहा हातांचा चौकोन आखायचा. त्यातलं पीक कापून नमुना म्हणून राजवाड्यात न्यायचं. मग उरलेल्या शेताशी ताडून पाहायचं.

खेकडा दोरी घेऊन तिरका गेला, तिरका आला. चौकोन या बांधापासून त्या बांधापर्यंत चपखल बसला. साहेबांना गहिवरून आलं.

विळे चालले. कणसं पोत्यांत गेली. गोजराक्काचे काटे एकेक करून उभे राहिले.

"साहेब, आता उरलेलं शेत कुठलं?"

"तेच बघतोय," म्हणत साहेब ढेकळांवर फिरले. "एक दाणा नाही. बाई, इतक्या हलगर्जीपणाने कुणी शेती करतं?"

"मग कोठारातले दाणे द्या."

"कसे देणार? नमुन्यात दाणे आहेत, उरलेल्यात नाहीत. म्हणजे जमीन चांगली, शेतकरी वाईट."

"मग नमुना तरी परत द्या. पोरं काय खातील?"

"परत दिला तर तो नमुना कसा राहील?"

गोजराक्काने पाठ फिरवली. साळिंदराने पाठ फिरवणं म्हणजे काय, ते साहेबांच्या एका पायाला कळलं. दुसरा वर होता म्हणून वाचला. पोती मात्र गेली.

तात्पर्य : चांगल्या पिकाला माती, पाणी, खत लागतं हा अडाणी समज आहे. लागतं ते नमुन्याहून मोठं शेत. ते नसेल तर शेतकऱ्याने मुळात जन्मालाच विचार करून यावं.

हे तात्पर्य शेजारच्या कासवअण्णांना कुणी सांगितलं नव्हतं. पण लंगडणारे साहेब आपल्या बांधाकडे वळलेले पाहून ते बायकोला म्हणाले, "अगं, रानडुकरांना आवाज दे. ती निदान अर्धं तरी ठेवतात."