रजईतले बारा शब्द

शगुफ्ताचं लग्न होऊन ती सुरतेला गेली, ते २०२४ साल. त्याच वर्षी तिच्या वडिलांनी, अक्कलकुव्यात कापूस पिंजून गाद्या-रजया भरणाऱ्या कय्युमभाई पिंजाऱ्यांनी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी लिहायला शिकून घेतलं. शिकवणारी त्यांचीच धाकटी मुलगी, यास्मीन.

यास्मीन जुन्या लॅपटॉपवर एका ब्लॉकचेनचं काम करत असे. ब्लॉकचेन म्हणजे सगळ्यांसमोर उघडी असलेली हिशेबाची वही. तिच्या नकला हजारो संगणकांवर असतात, त्यामुळे एकट्या माणसाला त्यात खाडाखोड करता येत नाही. ही वही चालवणारं सॉफ्टवेअर कोणालाही मोफत बघता येई, सुधारता येई, आणि ज्याची सुधारणा मान्य होई त्याला बक्षीस म्हणून त्या वहीतली नाणी मिळत. यास्मीनने ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांना नाण्यांच्या कुलुपासाठी मराठी शब्दांची यादी करून दिली. दोन हजार अठ्ठेचाळीस शब्द. निम्मे तिने कय्युमभाईंनाच विचारले होते.

बक्षीस आलं. नवा लॅपटॉप येईल एवढं होतं. त्याच्या कुलुपाची किल्ली म्हणजे त्याच यादीतले बारा शब्द, ठरलेल्या क्रमाने.

"अब्बा, हाई कागदवर लिखी ठेवा. मोबाइलमा नही. आनि कोनलेच सांगानं नही."

कय्युमभाईंनी त्यासाठी खास शाईचा पेन आणला. दोन दिवस ते एकेक अक्षर मोठ्याने म्हणत लिहीत होते. शेजारी मेहरुन्निसा, त्यांची बायको, रजईला टाके घालत बसली होती. तिला अक्षरओळख नव्हती आणि तिने ती मागितलीही नव्हती.

पंधरा दिवसांनी वीज जाऊन आली ती एवढ्या जोराने आली, की लॅपटॉप जळाला. यास्मीन घाबरली नाही. बारा शब्द असले की मोबाइलवरही कुलूप उघडत होतं.

"अब्बा, कागद द्या."

कय्युमभाई उठले, रजयांची थप्पी तळापर्यंत उपसली आणि वळून विचारलं,

"लाल फुलानी रजई कथी शे?"

"ती? मोलगीना सुरुपसिंगकाकाले दिधी. त्यासनी पोर रोहिणीना लगीनले एक कमी पडनी व्हती," यास्मीन म्हणाली.

"त्यामा कागद व्हता."

पिंजाऱ्याच्या घरात मौल्यवान वस्तू कापसातच जाते. कय्युमभाईंच्या आजोबांनी दंगलीच्या वेळी चांदी अशीच वाचवली होती.

"माले सांगं का नही?"

"तूच बोलनी, कोनलेच सांगानं नही."

यास्मीन बोटांवर शब्द मोजायला लागली. आठवून पाहिलं तर तिला पाच शब्द आठवले, क्रम मात्र एकाचाही नाही. कय्युमभाईंना दोन आठवले. लिहिता येत नव्हतं तेव्हा कोणत्या गिऱ्हाइकाच्या गादीत किती किलो कापूस घातला, हे त्यांना वीस वर्षांनीही आठवायचं. लिहायला लागल्यापासून ते कागदावर विसंबू लागले होते. पुढच्या सोमवारी शगुफ्ताचा नवरा यास्मीनला न्यायला येणार होता. लॅपटॉप नसेल तर सुरतेत साड्यांना खडे चिकटवायचं काम तयार होतं.

बाप-लेक जीपने मोलगीला गेले. सुरुपसिंगच्या अंगणात लग्नाचा मांडव अजून उभा होता. कय्युमभाईंनी दाभण काढलं.

"तुम्ही लगीनघरमा रजया फाडाले येल शेतस?" सुरुपसिंगने विचारलं.

कागदाचं नाव काढायचं नव्हतं. कय्युमभाईंच्या तोंडून निघालं, "कापूस खराब लागना. बदली देस."

चाळीस वर्षांत त्यांनी आपल्या कापसाला कधी नाव ठेवलं नव्हतं. त्या दिवशी मोलगीचा बाजार होता. तासाभरात बातमी बाजारभर झाली आणि लोक डोक्यावर गाद्या घेऊन आले. एक म्हातारी नऊ वर्षं वापरलेली गादी घेऊन आली होती.

"माय, हाई तर नऊ वर्षनी शे."

"मंग नऊ वर्ष मी खराब कापूसवर झोपनू. भरी दे."

संध्याकाळपर्यंत एकतीस नग जमले. ते सगळे फुकट भरून द्यायचं कबूल करून झालं. आणि लाल फुलांची रजई तिथे नव्हतीच. ती रोहिणीबरोबर मणिबेलीला, सासरी गेली होती.

दुसऱ्या दिवशी ते होडीने मणिबेलीला पोहोचले. रोहिणीने आदराने पाणी दिलं. रजई दोरीवर टांगली होती.

"होडीतून उतरताना पाण्यात पडली, काका. पण कापूस चांगला आहे हो. लगेच वाळला."

कय्युमभाईंनी शिवण उसवली. कागद मिळाला, घडी जशीच्या तशी. उघडला तर त्यावर निळा ढग पसरला होता. कागद त्यांनी खिशात ठेवला. मग त्यांनी रजई पुन्हा शिवली, टाके मोजून.

घरी आल्यावर कोणी जेवलं नाही. मेहरुन्निसाने दोघांकडे पाहिलं.

"कागद सापडना ना?"

"सापडना. अक्षर गयात."

"मंग रडाले काय व्हयनं? शब्द तर शेतस."

"कोठे शेतस?" कय्युमभाईंनी विचारलं.

"दोन दिन तुम्ही मन्हा कानशी बोंबली ऱ्हायनतात. मी बारा टाकानी ओळ घालू, एक टाका, एक शब्द. अजूनबी तशीच घालस."

"आनि मी एकतीस गाद्या फुकट भराले लिध्यात, तवय तू बोलनी का नही?"

"तुम्ही कागद दखी ऱ्हायनतात. शब्द कोनी इचारात? आनि पोर बोलेल व्हती, कोनलेच सांगानं नही." तिने दार लोटायला घेतलं. "तुम्ही बाहेर बसा."

कय्युमभाई ओट्यावर बसले. आत मेहरुन्निसा सुई चालवत हळू बोलत होती आणि यास्मीनचं बोट मोबाइलवर फिरत होतं. बाराव्या टाक्याला कुलूप उघडलं.

सोमवारी जावई आला आणि एकटाच परत गेला. नवा लॅपटॉप आला. ते बारा शब्द पुन्हा कागदावर लिहून ठेवू, असं कय्युमभाई म्हणाले, तेव्हा मेहरुन्निसाने सुईवरून नजर न काढता विचारलं, "मी शे ना?"

एकतीस गाद्या भरून द्यायला दिवाळी उजाडली. सगळ्यांचे टाके तिनेच घातले.

हिवाळ्यात कय्युमभाईंनी वहीत एक ओळ लिहिली, आणि या वेळी ती पाठही करून ठेवली: मेहरुन्निसा कय्युम पिंजारी, वारली, शुक्रवार, १७ जानेवारी २०२५.