धामणीचे दोन हात

बाळांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात गोदूबाई नावाची उंदरीण राहत होती. तिला सात पिल्लं होती आणि बिळाला दार नव्हतं. शेजारच्या वारुळात धामण राहायला आल्यापासून बिचारीचा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

ती सुतार पक्ष्याकडे गेली. "दादा, धामण आत येणार नाही असं दार करून द्या."

"देतो की. संध्याकाळपर्यंत लावतो," सुतार म्हणाला.

तेवढ्यात कोल्होबा आडवे आले. शहराच्या कडेला राहून बरंच काही शिकून आले होते ते. "असं थेट दार करतात का कुठे? आधी यूज केस लिहायच्या. दार कोण कोण वापरणार, कशासाठी, सगळं पायरी पायरीने. त्याशिवाय सुताराला कळणार कसं?"

"मला कळलंय," सुतार म्हणाला. पण त्याचं कोण ऐकतंय! कोर्स केलेला नव्हता ना त्याने.

कोल्होबा पंधरा दिवस लिहीत होते. गोदूबाई पंधरा दिवस बिळाच्या तोंडाशी पाठ लावून बसली होती. शेवटी चौदा पानं आली, आणि वर एक चित्र. त्यात सगळे वापरकर्ते काड्यांचे. वाटोळं डोकं, दोन हात, दोन पाय.

"अय्या, ही मी?" गोदूबाई हरखली. "आणि हे पाहुणे कोण?"

"ती धामण."

"तिला हात?"

"पद्धत आहे तशी."

"पण तिला आत घ्यायचंच नाहीये हो मला!"

कोल्होबांनी चष्मा सावरला. "बाई, दाराशी रोज कोण येतं? धामण. म्हणजे तीही वापरकर्ती. तिचा हेतू काय? आत येणे. वापरकर्त्याचा हेतू पूर्ण झाला नाही, तर यूज केस अपुरी राहते."

गोदूबाईला काही पटलं नाही. पण आणखी विचारलं तर अडाणी ठरू, या भीतीने तिने चौदाव्या पानावर पंजाचा ठसा उमटवला.

सुताराने कागद दोनदा वाचला. "लिहिलंय अगदी तस्संच करायचं?"

"तस्संच," कोल्होबा म्हणाले.

त्याने केलं. धामणीला खरे हात नाहीत, हे एकट्या त्यालाच आठवलं. म्हणून नाकाने ढकललं की उघडेल असं दार त्याने बसवलं.

दुसऱ्याच दिवशी धामण आली. पायरी एक, पायरी दोन, पायरी तीन. कागदाबाहेरचं तिने काहीही केलं नाही. गोदूबाई मागच्या फटीतून निसटली, तेव्हा तिच्याबरोबर पाचच पिल्लं होती.

ऊर बडवत ती कोल्होबांकडे गेली. "माझी दोन लेकरं गेली हो!"

कोल्होबांना फार वाईट वाटलं. त्यांनी चौदावं पान उघडलं. "हा ठसा तुमचाच ना?"

"माझाच."

"मग ही तक्रार नाही, बाई. ही नवीन गरज आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

तात्पर्य: आपल्याला काय हवं ते कधीही एका वाक्यात सांगू नये. सुताराला ते लगेच समजतं, आणि मग कोल्ह्यांनी खायचं काय?