कोरड्या नदीची पाहणी

नावाड्याने अंगणातली उपडी नाव सरळ केली, तेव्हा तिच्याखाली बिऱ्हाड थाटलेल्या कोंबड्यांनी एवढा गोंधळ घातला की पाणलोट समितीचे अध्यक्ष धावत आले.

"नाव झाका आधी. साहेब पाहणीला येतायत. नदी कोरडी दिसली तरच सरकार पैसे देणार."

"पण पाणी आलंय की."

"तेच तर दुखणं आहे."

नदी कित्येक वर्षं कोरडी होती. शेवटी सरकारने काठावरच्या सगळ्या गावांना अनुदान द्यायचं ठरवलं आणि वरच्या गावाला ते आधी मिळालं. तिथल्या शहाण्यांनी खरोखरच डोंगरावर चर खोदले, झाडं लावली, बांध घातले. मग पाणी कोणालाही न विचारता खाली आलं. खालच्या गावची पाहणी व्हायची होती, त्यामुळे अध्यक्षांच्या तोंडचं मात्र पाणी पळालं.

नावाड्याला अनुदानाचं काही नव्हतं. पूर्वी बायकोला पलीकडे माहेरी तोच नावेतून न्यायचा. नदी आटली आणि ती एकटीच वाळू तुडवत जाऊ लागली. आपणही सोबत चालावं हे त्याला सुचलं नाही. नावाड्याने पायी नदी ओलांडायची म्हणजे कमीपणा. नावेतल्या त्या फेऱ्यांची आठवण त्याला रोज यायची, ती समोर जेवायला बसलेली असली तरी यायची. आता पाणी होतं, पण पलीकडे तिचं कोणी उरलं नव्हतं. चल म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने?

त्याने निमूटपणे नावेवर गोणपाट टाकलं.

साहेबांची गाडी नेमकी पलीकडच्या काठावर येऊन थांबली. सरकारी नकाशात नदी कोरडी होती, म्हणून ड्रायव्हरने पात्रातूनच रस्ता धरला होता. अध्यक्षांनी घाम पुसला आणि स्वतःच्या हाताने गोणपाट ओढून काढलं.

"जरा साहेबांना घेऊन या."

अशा रीतीने कोरड्या नदीची पाहणी नावेतून सुरू झाली.

मधोमध आल्यावर साहेबांनी विचारलं, "यात कोरडं काय आहे?"

"नावेचा तळ होता, साहेब. आता तोही गळायला लागलाय."

साहेब ओले बूट हातात घेऊन उतरले. "नदी जिवंत करायचे पैसे आता मिळणार नाहीत," ते अध्यक्षांना म्हणाले. "ती जिवंत राखायचे मागा. अर्ज नव्याने करा."

अध्यक्ष त्यांच्यामागे चहा, चहा करत गेले. नावाडी फटीत चिंध्या कोंबत बसला. मान वर केली तर बायको उभी. केस विंचरलेले, हातात गाठोडं.

"माहेरी सोडा मला."

"अगं, तिकडे कोण आहे आता?"

"कोणी नाही," ती नावेत बसत म्हणाली. "पूर्वी मला सोडून लगेच माघारी फिरायचात. आता तुम्हालाच थांबावं लागेल."