हे काई थंडी होय का?

जानेवारीत सकाळी सहाला सिहोऱ्यातली कुत्रीसुद्धा चुलीच्या राखेत तोंड खुपसून पडलेली असतात. त्या वेळी आमच्या समोरच्या आंगणात एक बहात्तर वर्षांचा माणूस नुसत्या बनियनवर, कमरेवर हात ठेवून, आभाळाकडे पाहत उभा असतो. रस्त्यानं कोणी मफलर बांधून, ब्लँकेट गुंडाळून, कुडकुडत शेताकडे निघाला की हा माणूस त्याला थांबवतो आणि विचारतो, "हे काई थंडी होय का?"

समोरच्याचे दात वाजत असतात, त्याला उत्तर देणं जमत नाही. ते द्यायची गरजही नसते, कारण पुढचं वाक्य ठरलेलं आहे. "मायनस अठ्ठावीस पाह्यलं आहे आपन. मायनस!"

हे आमचे मोतीरामकाकाजी. नाकाडोंगरीच्या बाजूला एका खाणीवर तीस वर्षं टाइमकीपर होते. कोण किती वाजता आला आणि किती वाजता गेला, हे वहीत लिहून ठेवण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर वही सुटली, पण नोंद सुटली नाही. कॅनडातल्या मुलाकडून, प्रशांतकडून, त्यांनी एक थर्मामीटर आणला आहे. तो दाराच्या चौकटीला खिळ्यावर टांगलेला असतो आणि त्याचा आकडा रोज सकाळी खडूनं दारावर लिहिला जातो. नऊ. साडेआठ. दहा. आकडा लिहून झाला की ते मान हलवतात. आमची थंडी त्यांना दरवर्षी नापास करावी लागते.

काकाजी वर्षातले पाच महिनेच इथे असतात. दिवाळीच्या मागेपुढे येतात, मंडईची जत्रा पाहतात, नवा तांदूळ खातात आणि होळी झाली की प्रशांतकडे परत जातात. तिकडच्या बर्फाला कंटाळून हिवाळ्यापुरते उबेला येतात, असं ते स्वतः सांगतात. गावानं ते बरीच वर्षं मान्य केलं होतं. एकदा आमच्या आईनं तांदूळ निवडता निवडता बोटं मोडून महिने मोजले आणि मला म्हणाली, "काहून रे, हे तिकडं जातेत उन्हाळ्यात, येतेत दिवाळीले. मंग यायनं बरफ पाह्यला कवा?"

पाहिला होता. एकच हिवाळा, सहा वर्षांपूर्वीचा. प्रशांतला मुलगी झाली म्हणून काकाजी आणि सुगंधाकाकी दोघंही पहिल्यांदाच विमानात बसले होते. काकीनं डिंकाचे लाडू नेले होते, आणि कोणी मागितले नसताना विमानातल्या पोरीलाही दिले होते म्हणे. त्या हिवाळ्यात काकी तिकडेच आजारी पडली आणि तिकडेच गेली. फाल्गुनात काकाजी एकटे परत आले. काकी गेल्यावर पुढच्या सालापासून त्यांचं हे ये-जा सुरू झालं. मायनस अठ्ठावीसचं सगळं भांडवल त्या एका हिवाळ्याचं आहे.

त्यांच्या या उबेतल्या संसाराचं खरं सांगायचं तर त्यात ऊब कमी आणि कटकट जास्त. सात महिने बंद राहिलेलं घर माणसाला सुखासुखी आत घेत नाही. पहिल्या दिवशी कुलूप उघडत नाही. मग सायकलच्या दुकानातून तेल येतं, तेल पिऊनही कुलूप रुसलेलंच राहतं, आणि शेवटी मी हातोडी घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी बोरची मोटर घुरघुरते, पण पाणी सोडत नाही. तुमसरचा मिस्त्री फोनवर "निंगालोच काकाजी" म्हणतो, आणि चार दिवस निघतच असतो. तोपर्यंत पाणी आमच्याकडून जातं. उंदरांनी गादी फोडलेली असते. वानरांनी छपरावरचे कवेलू सरकवलेले असतात, आणि वर चढून ते बसवायला काकाजी कोणाला हात लावू देत नाहीत. खालून आई ओरडते, "पडान ना भाऊजी!" वरून उत्तर येतं, "खानीत उतरलेला मानूस आहो वहिनी, घरावरून पडत नाई!"

सिमकार्ड तर दरवर्षी बंद पडलेलं असतं. दरवर्षी नवं येतं, नंबर नवा होतो, आणि तोही खडूनं दारावर लिहिला जातो. आता त्या दारावर पाच-सहा नंबर आणि त्यांच्या आजूबाजूला तापमानं अशी दाटी झाली आहे. मागे एका नातेवाइकानं फोन लावताना शेवटी साडेआठही दाबले होते.

पण काकाजींचा खरा इतिहास घडला तो हयातीच्या दाखल्याला. आपण जिवंत आहोत हे निवृत्त माणसाला दर नोव्हेंबरात अंगठा लावून सांगावं लागतं. थंडीनं काकाजींच्या अंगठ्याची कातडी सुकलेली, मशीनला काही तो उमटेना. सात वेळा लावला. काकाजी दाखल्याच्या केंद्रावरच्या पोरीला म्हणाले, "मी समोर उभा आहो ना बाई. बोलून राहिलो. अन् हे मशीन म्हनते मानूस नाई." पोरगी भली होती. म्हणाली, "काकाजी, बाहेर चहावाल्याजवळ शेकोटी आहे. पाच मिनटं हात शेकून या. मंग उमटते."

कोणीही गेलं असतं. काकाजी गेले नाहीत. माझ्या मोटरसायकलवर मागे बसून घरी आले, अंगठ्याला खोबरेल तेल चोळलं, उन्हात तासभर बसले, आणि परत जाऊन जिवंत झाले.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा माणूस शेकोटीजवळ जातच नाही.

आमच्या आंगणात हिवाळाभर रोज सकाळी शेकोटी असते. तणस, तुराट्या, एखादं जुनं फाटं. आई पेटवते आणि येणारा-जाणारा टेकतो. पूर्वी या शेकोटीचा निम्मा कारभार सुगंधाकाकीकडे होता. ती समोरून पदरात रताळी घेऊन यायची, निखाऱ्यात पुरायची, आणि ती भाजेपर्यंत गावातल्या प्रत्येक घराची विचारपूस करून व्हायची. मी शाळेत असताना दप्तरात तिचं एक गरम रताळं असायचंच. पुस्तकांना राखेचा वास यायचा आणि मास्तर रागवायचे. आता मी स्वतः तुमसरला मास्तर आहे, आणि कोणाच्या पुस्तकाला तसा वास आला तर मी रागावणार नाही, पण येत नाही. काकीचा हात थंडीत नेहमी गार असायचा. तो आमच्या गालाला लावून ती आम्हाला दचकवायची आणि मग दोन्ही हात शेकोटीवर धरून म्हणायची, "आता जीव आला माह्यात."

काकाजी मात्र त्यांच्या आंगणातच उभे राहतात. आई रोज हाक मारते, "या भाऊजी, बसा." रोज उत्तर येतं, "हे काई थंडी होय का?"

आणि गंमत अशी, की त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट शेकोटीचीच आहे. दर हिवाळ्यात ते ती एकदा तरी सांगतात, रस्त्याच्या पलीकडून, आम्हा शेकणाऱ्यांना. तिकडे कॅनडात त्यांनी प्रशांतच्या घराच्या गॅलरीत शेकोटी पेटवली होती. सामानाचे खोके फाडले, एका तुटक्या टेबलाचा पाय घातला आणि दिली काडी लावून. घर लाकडाचं! घरभर भोंगे वाजले, शेजाऱ्यानं फोन केला, आणि आगीच्या बंबाची गाडी दारात. सहा-सहा फुटांचे जवान, हातात नळ्या. "मी म्हटलो, सर, नो फायर! ओनली शेकोटी! बॉडी शेकिंग!" इथे काकाजी स्वतःच हात शेकून दाखवायचे. "तं त्यायच्यातला एक जन काय करते, टोपी काढते, अन् मस्त हात शेकत बसते! म्हने, गुड, गुड. मंग विझवली." आम्ही दरवर्षी हसायचो. गोष्ट पाठ झाली होती तरी हसायचो.

या वर्षी डिसेंबरात प्रशांतचा मला फोन आला. आवाज थकलेला होता. "बाबाचं वय झालं गा. तिथं एकटेच राहतेत, घरावर चढतेत. मी घराले गिऱ्हाईक पाह्यलं आहे. तू जरा हजर राह्य." घर गेलं की हिवाळ्याचं येणंही थांबणार, हे त्यानं सांगितलं नाही, पण दोघांनाही कळत होतं. काकाजींना त्यानं आदल्या दिवशीच सांगितलं होतं. त्या सकाळी ते दारावर आकडा लिहायचं विसरले होते.

गिऱ्हाईक म्हणजे तुमसरचा एक धानाचा व्यापारी. नव्या गाडीतून बायकोला घेऊन आला. आणि मग मी काकाजींचं एक वेगळंच रूप पाहिलं. ज्या कटकटींवर ते पाच महिने करवादायचे, त्या सगळ्या त्यांनी पाहुण्यांसमोर एकेक करून मांडल्या, आणि तेही किती मायेनं!

"हे मोटर पाहा. दर साली जाम होते. मिस्त्री येत नाई, चार दिवस."

"बोरच नवीन मारू ना काकाजी."

"वानरं भल्ली आहेत. कवेलू ठेवत नाईत."

"स्लॅब टाकू."

"उंदीर तं असे आहेत का मांजर पळून गेली."

व्यापारी हसला. माणूस वाईट नव्हता. "काकाजी, आमाले कोठं असं राहाचं आहे? घर पाडूनच टाकू. जागा मोक्याची आहे."

काकाजींची यादी तिथेच संपली. एवढ्या वर्षांच्या जमवलेल्या कटकटी, एकही कामाला आली नाही. तेवढ्यात व्यापाऱ्याची बायको हात चोळत आंगणात आली आणि सहज म्हणाली, "किती छान आंगण आहे. रोज शेकोटी पेटवत असान ना तुमी इथं?"

"इथं नाई पेटवत कोनी," काकाजी म्हणाले, आणि आत निघून गेले. पाहुण्यांना चहा आमच्याकडे द्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर आलो तर काकाजी आमच्या शेकोटीजवळ उभे. अंगात स्वेटर. सहा वर्षांत त्यांना स्वेटरमध्ये मी पाहिलं नव्हतं. शेकोटीवर मी आणि आई, दोघंच होतो.

"वहिनी," ते म्हणाले, "ते शेकोटीची गोष्ट मी तुमाले अर्धीच सांगत होतो."

ते उभ्याउभ्याच बोलले.

"सुगंधाचे हात गरम होत नोयते. घरात हीटर होता, ब्लँकेट होते, सारं होतं. ते म्हने, मले शेकोटी पाह्यजे, मले घरी न्या. मी म्हटलो, बरी हो, पुढच्या हिवाळ्यात घरी नेतो, पक्कं. अन् तवापर्यंत म्हनून ते खोके पेटवले. तिले सांगतलं, शाल घे, ये बाहेर. ते उठली. हळूहळू चालत होती. तवापर्यंत भोंगे वाजले, अन् पोरगा घाबरला. घरात तान्ही पोरगी. त्यानं बादली आनली अन् टाकलं पानी. गाडीवाले तं मंग आले. ते काय शेकतीन? ओली राख होती. ते दारात उभी होती, हात असे पुढं करून. आठव्या दिवशी गेली."

तुराट्या तडतडत होत्या. आई पदरानं डोळे पुसत होती.

"पोराची चूक नाई," काकाजी घाईनं म्हणाले. "त्याले कोनी नावं ठेवू नये म्हनून मी ते हसाची गोष्ट करून टाकली. पन तिले नेतो म्हटलो होतो ना, हिवाळ्यात. म्हनून येतो. अन् शेकोटीवर बसाची लाज वाटते. तिले नाई भेटली, अन् मी कसा बसू? थंडी लागते म्हनाचीबी लाज वाटते."

"प्रशांतले सांगतलं हे?" मी विचारलं.

"सांगतलं आज. सहा वर्षांत पहिल्यांदा बोललो आमी त्याच्यावर. फोनवर नाक ओढत होता. रडला असन. मंग म्हने, बाबा, घर राहू द्या."

आई उठली, घरातून एक पोतं आणलं आणि काकाजींसाठी अंथरलं. मग त्याच्या शेजारी दुसरं अंथरलं आणि मला म्हणाली, "सरक जरा तिकडं. सुगंधालेबी जागा होऊ दे."

मी सरकलो. काकाजी त्या दुसऱ्या पोत्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच त्याच्या शेजारी बसले, आणि दोन्ही हात शेकोटीवर धरले. समोरच्या दारावर आजचा आकडा लिहिलेला होता, दहा.

"लय थंडी आहे, वो वहिनी," ते म्हणाले.