पडलेल्या दाताचे सव्वीस आठवडे

आमच्या मुलीच्या वर्गाच्या फोटोत तिचा खालचा एक दात अंदाजे बारा अंशांनी कलला असल्याचे माझ्या निदर्शनास आले. अंदाजे अशासाठी, की कोनमापक फोटोवरून जरा घसरत होता.

मुलगी सहा वर्षांची. घरात तिला ठकी म्हणतात. ठकी हसली की पलीकडच्या खोलीतलं माणूस कारण न विचारता हसायला लागतं. हसताना तिचं तोंड पूर्ण उघडतं, आणि नेमकी तीच अडचण होती. आतलं सगळं दिसत होतं.

"अगं, दुधाचा दात आहे तो," सासूबाई म्हणाल्या. "आज ना उद्या पडणारच."

"म्हणूनच घाई करायला हवी, आई."

दंतकेंद्रात डॉक्टर दोन मिनिटं दिसल्या. त्यानंतर जे काही झालं ते उपचार समन्वयक नावाच्या बाईंशी. त्यांनी पडद्यावर ठकीचा दात दाखवला आणि चार सेकंदांत सरळ केला.

"इतकंच?" मी विचारलं.

"इतकंच मॅडम. फक्त तोंडात थोडा जास्त वेळ लागतो. सहाच महिने."

सहा महिने म्हणजे सव्वीस ट्रे. ट्रे म्हणजे दातांवर टोपीसारखा बसणारा पारदर्शक प्लास्टिकचा साचा. दर आठवड्याला नवा. दिवसाचे बावीस तास घालायचा, उरलेल्या दोन तासांत जेवण आणि दात घासणे. शाळेचा पुढचा फोटो आठ महिन्यांवर होता. मी संमतीपत्रावर चौदा ठिकाणी सह्या केल्या.

अडचण एवढीच, की ठकीला एक घास गिळायला एक गोष्ट लागते. दोन तासांत तिचा नाश्तासुद्धा उरकेना. बावीस तास न भरलेला दिवस केंद्र दिवस मानत नाही. त्यामुळे आमचा आठवडा नऊ दिवसांचा झाला. मी फ्रिजवर दोन कॅलेंडरं लावली, एक जगाचं आणि एक दाताचं. ठकीचे बाबा चुकीचं कॅलेंडर बघून एकदा रविवारी ऑफिसला जाऊन आले.

शिवाय हसताना ट्रे निसटायचा. म्हणून "ओठ मिटून हसावे" अशी लेखी सूचना आली. ठकी शहाणी. ती पंधरा दिवसांत शिकली. हसायची वेळ आली की ओठ घट्ट मिटायची, तोंडावर हात धरायची, आणि तिचे फक्त खांदे हलायचे. पलीकडच्या खोलीत आता कुणी हसेना. मी वहीत लिहिलं: अनुपालन उत्तम.

अकराव्या ट्रेला दात पडला.

"पडला म्हणजे?" समन्वयक बाई फोनवर थंड आवाजात म्हणाल्या. "अकराव्या आठवड्यात पडण्याची आराखड्यात तरतूद नाही."

"हो, पण पडलाय. माझ्या हातात आहे."

"हातात आहे ना? मग घाबरू नका. उपचार बंद करायची गरज नाही. दात तोंडात असावा अशी अट संमतीपत्रात कुठेच नाही. ट्रेमध्ये असावा, एवढंच आहे."

मी संमतीपत्र काढून पाहिलं. खरंच तसं होतं. सही माझी होती.

तेव्हापासून दोन ट्रे सुरू झाले. एक ठकीच्या तोंडात, रिकामी जागा राखून ठेवण्यासाठी. दुसरा डबीत, दातासकट. जेवणाच्या वेळी मी दात ट्रेमधून काढायची, ब्रशने घासायची आणि ताटाशेजारी ठेवायची.

"ह्याला काय वाढू?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, थट्टा नको. त्याचे तास मोजतेय मी."

आणि सांगते, दाताने कमाल केली. बडबड नाही, घास रेंगाळणं नाही, वर्गात ट्रे विसरणं नाही. बावीसच्या बावीस तास! त्याचा आठवडा पुन्हा सात दिवसांचा झाला. मासिक आढाव्यात तो केंद्रातला सर्वांत शिस्तीचा रुग्ण ठरला. मी ठकीला म्हणालेसुद्धा, "बघ, तुझा दात बघ जरा. शीक काहीतरी." ठकीचे खांदे हलले.

मध्येच राखून ठेवलेल्या जागेत एक पांढरी कड दिसू लागली. मी धावत केंद्रात गेले.

"नवा दात येतोय. सरळ येतोय!"

बाईंनी फाइल चाळली. "असेल सरळ. पण तो आपल्याकडे नोंदलेला नाही. त्याला थोडं थांबवता येईल का?"

सातव्या महिन्यात जुन्या दाताला प्रमाणपत्र मिळालं: पूर्णतः सरळ. आता तो पुन्हा वाकडा होऊ नये म्हणून फक्त रात्री ट्रेमध्ये ठेवायचा.

"किती दिवस?"

"आयुष्यभर."

"कुणाच्या?"

बाईंनी पुन्हा फाइल चाळली.

फोटोच्या दिवशी आम्ही सगळे पालक मैदानाच्या कठड्याला टेकून उभे होतो. फोटोग्राफर ओरडला, "हसा!" चौतीस मुलं हसली. वय सात वर्षांच्या आसपास, त्यामुळे चौतीस फटी. पस्तिसावी ठकी, जागा राखणारा ट्रे अजून तोंडात, म्हणून ओठ मिटून, तोंडावर हात धरून उभी. ही पोर आधी कशी हसायची, ते आठवायला मला त्या क्षणी फार वेळ लागला. तरी सवयीने मी लांबून खूण केली: ओठ!

तेवढ्यात सासूबाईंनी पर्समधून डबी काढून उंच धरली. "ए ठके! हा बघ, हाही आलाय फोटोला!"

ठकीने एक क्षण धीर धरला. मग तिचा हात सुटला, ओठ सुटले आणि तोंड पूर्ण उघडलं. ट्रे उडाला तो थेट मुख्याध्यापिकांच्या अंबाड्यात. वर्ग हसला, शिपाई हसला, कठडा हसला. फोटोग्राफरने बटण दाबलं.

परवा तो फोटो घरी आला. मध्ये ठकी, फट आणि अर्धा नवा दात दाखवत. मी मनापासून हसले. चांगले अकरा सेकंद. कोनमापक मी त्याच दिवशी माळ्यावर टाकला, अगदी आईशपथ. आता नुसत्या नजरेनेच कळतं.

म्हणून विचारते, राग मानू नका: दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी, ती तुमचीच ना? गोड आहे हो. हसतेही छान. एकदा उजेडात नेऊन जरा नीट बघा, एवढंच म्हणते. नंबर आहे माझ्याकडे. सहाच महिने लागतात.