गिधाडाचा एकच भाव

चारुताई कापड विकत घेण्याआधी त्याची ओळख पटवतात. माझ्या रविवार पेठेतल्या कटपीसच्या दुकानात सगळा उरलासुरला माल. त्यातला एखादा तुकडा उचलून त्या दारातल्या उजेडात धरतात, डोळे बारीक करतात आणि म्हणतात, "शेठ, ही माळढोकाची मान."

मी म्हणतो, "ही शर्टाची चिंधी आहे. भाव बोला."

मग तासभर भांडण. मंडईबाहेर फुटपाथवर गाठोडं मांडून मी धंदा सुरू केला. भावात मला कोणी हरवत नाही. चारुताई हरवतात. माझा आवाज चढत जातो, त्यांचा उतरत जातो, आणि आवाजाबरोबर भावही.

पूर्वी त्या एका बड्या कंपनीत डिझायनर होत्या. तिथे न खपलेले कोरे कपडे फाडून टाकायचे, म्हणून नोकरी सोडली आणि कोथरूडला स्वतःच्या गॅरेजमध्ये शिलाई मशीन मांडलं. आता चिंध्यांचे कपडे करतात, आणि प्रत्येक कपडा नाहीशा होत चाललेल्या एखाद्या प्राण्यावर. गोल तुकडे एकावर एक बसवून केलेलं त्यांचं 'खवल्या मांजर' जॅकेट तर फारच नावाजलेलं. प्रदर्शनात खराडीची एक मुलगी ते घालून म्हणाली, "सो क्यूट! मांजराच्या केसांचं आहे का?"

चारुताईंनी जॅकेट तिच्या अंगावरून उतरवून घेतलं. "ते मांजर नाही. आणि हे आता तुमचं नाही."

दुसरी एक बाई दोन जॅकेटं मागत होती. तिला म्हणाल्या, "अंग एकच आहे ना? गरजेपेक्षा जास्त घ्यायचं नाही." असा धंदा करतात!

शिवाय कुठलंही बोलणं त्या एकाच प्रश्नावर आणतात, "उरलेत किती?"

"भरपूर. आत पोती भरलीत."

"कापडाचं नाही हो, रानपिंगळ्यांचं विचारतेय."

मी काय मोजायला गेलो होतो?

इथवर मी सोसलं. पण एकदा भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, कौतुकाने म्हणाल्या, "आमचे शेठ म्हणजे गिधाड आहेत, गिधाड!" सगळे खो खो हसले. "अहो, दुसऱ्यांनी टाकलेलं उचलून गाव स्वच्छ ठेवतं ते. केवढं मोठं काम!" त्या समजावत राहिल्या. माझं डोकं फिरलं होतं, ऐकतो कोण?

पुढच्या मंगळवारी, म्हणजे त्यांच्या वारी, मी दारावर पाटी लावली: 'एकच भाव. घासाघीस करू नये.' पुण्यात पाटीला कारण लागत नाही. माझ्याकडे तर होतं.

चारुताईंनी ती दोनदा वाचली. सांगितलेले पैसे निमूट ठेवले, गाठोडं उचललं आणि गेल्या. कापडी पिशवी मात्र विसरल्या.

जिंकलो म्हणून मी खूश. पण पुढच्या मंगळवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. तेव्हा पिशवी द्यायच्या निमित्ताने मीच कोथरूड गाठलं. खरं काम वेगळं होतं: गिधाड हा शब्द त्यांनी मागे घ्यायला हवा होता.

गॅरेजमध्ये एक मशीन, एक स्टूल. आणि मागे छतापर्यंत गाठोडी. माझीच. मी दोरीला उलटी गाठ मारतो, म्हणजे गिऱ्हाईक वाटेत गाठोडं उघडून कुरकुर करायला परत येत नाही. त्या गाठी जशाच्या तशा होत्या.

"ताई, तुम्ही हे उघडलंच नाहीत!"

"लागलं नाही."

"मग दर मंगळवारी न्यायचात कशाला? आणि लोकांना सांगता, गरजेपेक्षा जास्त..."

त्यांनी मला स्टूल दिलं. स्वतः माझ्याच एका गाठोड्यावर बसल्या.

"भाजी मोबाईलवर येते, दूध दाराला लटकवलेलं असतं. जिकडे तिकडे छापील किंमत," त्या दोरीशी चाळा करत म्हणाल्या. "आता तुमच्याकडेही एकच भाव. तासभर भांडणारी माणसं उरलीत किती, शेठ?"

शब्द मागे घ्यायचं राहूनच गेलं. अजून राहिलंय, आणि मी ते विसरलेलो नाही.

दुकानात आल्या आल्या पाटी उतरवली. मंगळवारी चारुताई दारात हजर. एक विटका तुकडा उजेडात धरून म्हणाल्या, "शेठ, हा गिधाडाचा पंख."

मी भाव सांगितला. इतका चढा, की शेजारचा दुकानदार डोकावून बघायला लागला.

"लूट आहे ही!" चारुताई म्हणाल्या, आणि पदर खोचून ऐसपैस बसल्या.